‘द सिंगाली’ खरोखरच गाडून टाकायचे का?

नांदी

गेल्या आठवड्यात येथे एका सदस्याने लिहिले की, एडवर्डकालीन, म्हणजे सातव्या एडवर्डच्या काळातल्या, लंडनच्या ज्या म्युझिकल कॉमेड्या पूर्वेकडच्या देशांत घडतात, त्या सगळ्या साम्राज्याच्या जाहिराती आहेत, त्यांची स्वरलिपीची पुस्तकेसुद्धा ग्रंथालयांनी जपू नयेत, आणि जो मराठी माणूस ती गाणी आवडीने ऐकतो त्याच्या मनातली गुलामी अजून गेलेली नाही. उदाहरण म्हणून त्यांनी ‘द सिंगाली’चे नाव घेतले. ही गाणी मी पियानोवर वाजवत आलो आहे आणि ती मला मनापासून आवडतात. त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन हा विषय सोडणे मला जमणार नाही.

हे नाटक 5 मार्च 1904 रोजी लंडनच्या डेलीज थिएटरात लागले आणि वर्षभरात त्याचे 365 प्रयोग झाले. संहिता जेम्स टॅनरची, संगीत लायनेल मंक्टनचे, पदे एड्रियन रॉस आणि पर्सी ग्रीनबँक यांची, वरून पॉल रुबेन्सची भर, आणि या सगळ्यांना एका दावणीला बांधणारा निर्माता जॉर्ज एडवर्ड्स. कथा सिलोनमधल्या एका चहामळ्यावर घडते. नानोया नावाच्या सिंहली मुलीचे चौथ्या वर्षी बूभंबा चेत्तुर भॉय या सरदाराशी लग्न ठरवून टाकलेले असते. ती त्याच्यापासून पळून येऊन मळ्यात पाने खुडते आणि तरुण इंग्रज मळेवाल्याच्या, हॅरी व्हेरेकरच्या, प्रेमात पडते. मळा मुळात तिच्याच मालकीचा असून चंभुद्दी राम या लबाड वकिलाने तो परस्पर विकलेला असतो. त्यातच एक मौल्यवान काळा मोती नाहीसा होतो. दुसरा अंक कँडीच्या तळ्याकाठी, बूभंबाच्या महालात.

हे सिलोन खरे नाही, हे मलाही दिसते. परंतु डेलीजच्या परंपरेत हे नाटक कोठे बसते तेही पाहावे. 1896 च्या ‘द गेशा’त मिमोसा शेवटी आपल्या जपानी कप्तानाकडे जाते आणि इंग्रज अधिकारी आपल्या इंग्रज वाग्दत्त वधूकडे परततो, दोन जगे एकमेकांना स्पर्शून निमूटपणे वेगळी होतात. ‘द सिंगाली’त मात्र इंग्रज नायक आणि सिंहली नायिका एकत्र येतात, आणि लंडनचा प्रेक्षक वर्षभर त्याला टाळ्या देतो. 1904 साली ही गोष्ट लहान नव्हती. हास्याचा विषय एकटा बूभंबा नाही, इंग्रज न्यायाधीश सर पीटर लॉफ्टससुद्धा आहे. आणि मंक्टनच्या चालींविषयी तर दुमत असू नये. हा माणूस ऑक्सफर्डला शिकलेला, वर्तमानपत्रांत समीक्षा लिहिणारा, पण त्याच्या चालीत विद्वत्तेचा बडेजाव नाही. पहिल्या दोन ओळींत ती कानात बसते आणि तिसऱ्या ओळीत अशी वळते की ते वळण आधी सुचले कसे नाही याचे नवल वाटते. एवढे निरुपद्रवी, एवढे सुरेल नाटक गाडून कोणाचे काय भले होणार आहे?

डोंगरमाथा

ज्या लेखनाने आपण चिडलात ते माझेच आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. ‘निरुपद्रवी’ हा आपला शब्द मला मान्य नाही.

नोकरीनिमित्त माझी काही वर्षे नुवारा एलियाच्या परिसरातल्या चहामळ्यांत गेली. तेथे पाने खुडणाऱ्या बायका तमिळ बोलतात, कारण त्यांच्या पणज्या मद्रास इलाख्यातून आल्या. गावचा कंगाणी, म्हणजे मुकादम, माणसे गोळा करी, वाटखर्चाची उचल त्यांच्या नावावर मांडी, आणि ते कर्ज फेडता फेडता आयुष्य सरून जाई. 1869 साली सिलोनमधल्या कॉफीवर तांबेरा पडला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कॉफी बुडाली. तिच्या जागी चहा आला. चहा वर्षभर खुडावा लागतो, म्हणून हे मजूर कायमचे तेथेच राहिले. सिंहली शेतकरी मळ्यावरच्या मजुरीला फारसा गेलाच नाही. टॅनरच्या मळ्यात मात्र गोड सिंहली मुली गात गात पाने खुडतात आणि तमिळ मजुराचा मागमूस नाही. ज्यांच्या घामावर तो मळा उभा आहे त्यांनाच रंगमंचावरून पुसून टाकायचे, ही वगळण्याची कृती आपल्याला सुरेल वाटते का? 1948 साली स्वतंत्र सिलोनच्या नागरिकत्व कायद्याने याच लोकांना देश नाकारला. त्या कायद्याचा दोष मी मंक्टनला देत नाही. परंतु ज्यांना कोणी कधी पाहिलेच नाही त्यांना नाकारणे सोपे जाते, एवढे माझे म्हणणे आहे.

आणखी सांगतो. कँडीचे राज्य 1815 सालीच इंग्रजांनी घेतले आणि शेवटच्या राजाला वेल्लोरला नेऊन ठेवले. त्या तळ्याकाठी 1904 साली बायको परत मागणारा कोणता राजविलासी सरदार बसला होता? सिलोनवर गव्हर्नर असे. नाटकात हाय कमिशनर आहे. नावे पाहा: चेत्तुर दक्षिणेचा, भॉय आमच्या मुंबईच्या पेढ्यांवरचा, राम कोठलाही, आणि वकील बंगाली बाबूच्या नकलेवर बेतलेला. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवरची सगळी माणसे ज्यांना सारखीच वाटत, त्यांनी हे लिहिले आहे.

जुनी पेटी

डोंगरमाथा यांचे आक्षेप मी नीट वाचले. भूगोलाच्या आणि इतिहासाच्या चुका हीच नाटक गाडण्याची कसोटी असेल, तर आपले संगीत नाटक कोठे उरेल? किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तली द्वारका म्हणजे पेशवाईनंतरचे एक सुखवस्तू मराठी घर आहे, तिच्यात द्वारकेचे काही नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीवरच्या चाली उचलल्या आणि त्यांतून मराठी नाटकाला नवे वळण लागले. संगीत नाटकात प्रदेश हा पडद्यावर रंगवलेला असतो, तो पाहायला कोणी जात नाही.

मला खरे दुःख वेगळेच आहे. लंडनच्या या नाटकांचे एकेक गाणे, पियानोच्या साथीसह, छापील स्वरलिपीत आजही मिळते. आमच्याकडे किती नाटकांच्या मूळ चाली कागदावर आहेत? आज ‘शारदा’ होते तेव्हा निम्मी पदे गाळून अडीच तासांत बसवतात आणि उरलेली पदे प्रत्येक गायक आपल्या घराण्याच्या हिशेबाने ताणतो. देवलांनी 1899 साली बालाजरठ विवाहावर जे घणाघाती नाटक लिहिले, त्याचा गाभाच त्या काटछाटीत निघून जातो. आधी आपले जपा, मग दुसऱ्याचे गाडण्याचा विचार करा.

न्यायपीठ

‘शारदा’चे नाव निघालेच आहे तर मला मध्ये बोलले पाहिजे, कारण या चर्चेत सगळे जण चहा आणि चाली यांविषयी बोलत आहेत आणि मूळ कथानकाकडे कोणाचेच लक्ष नाही. ‘द सिंगाली’चे कथानक काय आहे? लहानपणी न कळत्या वयात बांधली गेलेली मुलगी मोठी झाल्यावर नांदायला नकार देते, आणि इंग्रज न्यायाधीश तिला शोधून नवऱ्याच्या हवाली करण्याचे फर्मान काढतो. मुंबईच्या कोणत्याही वाचकाला हे वाचताच रखमाबाई आठवली पाहिजे.

अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईने दादाजी भिकाजीकडे नांदायला नकार दिला, तेव्हा 1884 साली त्याने दावा लावला. 1885 साली न्या. पिन्हे यांनी स्पष्ट सांगितले की, वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा हा दावा हिंदू शास्त्रातला नसून इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला आहे, आणि त्यांनी तो फेटाळला. अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी तिला सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. यातली खरी गोम अशी की, ज्या वर्षी दादाजीने दावा लावला त्याच 1884 साली इंग्लंडच्या संसदेने अशा हुकमासाठी तुरुंगवासाची शिक्षा तेथे रद्द केली होती. इंग्लंडच्या बाईला जी शिक्षा नको झाली ती मुंबईच्या बाईसाठी ठेवली. 1888 साली तडजोड झाली, रखमाबाई लंडनला गेल्या, 1894 साली डॉक्टर झाल्या. लंडनच्या वर्तमानपत्रांनी हे प्रकरण सविस्तर छापले होते. ज्या शहरात त्या शिकल्या त्याच शहरात, दहा वर्षांनी, डेलीजच्या रंगमंचावर तेच प्रकरण प्रेमकथा म्हणून उभे राहिले, आणि त्यात मुलीची सुटका कोण करतो? इंग्रज मळेवाला. जो कायदा इंग्रजांनीच आणला त्यातून इंग्रजच सोडवणार, आणि दोष सगळा बूभंबाचा.

नांदी यांनी मिश्रविवाहाचे कौतुक केले. नानोयाने वकील गाठला असता, न्यायालयात उभे राहून ‘मी जाणार नाही’ म्हटले असते, तर मी त्या कौतुकात सामील झाले असते.

जुनी पेटी

रखमाबाईंविषयी आपण लिहिलेले सर्व खरे आहे. पण त्या वेळी त्यांच्या बाजूने किती मराठी माणसे उभी राहिली, हेही लिहा. ‘केसरी’ कोणाच्या बाजूने होता? लंडनच्या नाटकाला जाब विचारताना पुण्याला तो विचारायचा नाही, हे चालणार नाही.

न्यायपीठ

टिळकांची भूमिका मला ठाऊक आहे आणि तिचे समर्थन मी कधीही केलेले नाही. पण आता आपल्याच ‘शारदे’कडे पाहू या. आपण तिला घणाघाती म्हणता. त्यात कांचनभट पैशासाठी मुलगी विकतो, म्हातारा भुजंगनाथ बोहल्यावर उभा राहतो, आणि लग्न कशामुळे मोडते? मुलीच्या नकारामुळे नव्हे, नवरा-नवरी एका गोत्राची निघतात म्हणून! गोत्र वेगळे असते तर शास्त्राला त्या लग्नाचे काही वावडे नव्हते. नंतर ती जीव द्यायला निघते आणि कोदंड तिला वाचवतो. म्हणजे तेथेही पळवाट आणि तारणहार पुरुष. देवलांचा कळवळा खरा होता, याविषयी मला शंका नाही. पण शारदेचा नकार निर्णायक ठरू देण्याचे धैर्य त्या नाटकात नाही.

जुनी पेटी

हा अन्याय आहे आणि तो मी ऐकून घेणार नाही. 1899 सालच्या प्रेक्षकापुढे गोत्राचा मुद्दा आणणे ही भित्रेपणाची खूण नव्हे, ती रणनीती होती. शास्त्राच्या नावाखाली जे चालले होते ते शास्त्रानेच मोडून दाखवले, म्हणून त्या प्रेक्षागृहातला कर्मठ माणूससुद्धा उठून जाऊ शकला नाही. माझ्या आजीचे लग्न आठव्या वर्षी झाले. तिच्या धाकट्या बहिणीसाठी एका बिजवराचे स्थळ आले, तेव्हा माझ्या पणजोबांनी ते परतवले, आणि घरात आजवर सांगत आले आहेत की आदल्या वर्षी त्यांनी ‘शारदा’ पाहिले होते. आपल्या कायद्याच्या पुस्तकांत हा पुरावा सापडणार नाही. पण एका मुलीचे आयुष्य वाचले, आणि ते नाटकातल्या पदांनी वाचले. ‘द सिंगाली’ पाहून लंडनमधल्या कोणा माणसाने कोणाची मुलगी वाचवली, ते मला दाखवा.

न्यायपीठ

आपल्या घरातली हकीकत मी नाकारत नाही, आणि ‘शारदा’चा परिणाम नाटकाच्या शेवटापेक्षा मोठा झाला हेही मानते. फक्त एक लक्षात घ्यावे: ही हकीकत सांगून आपण माझीच बाजू भक्कम केली आहे. नाटक घराघरांत पोहोचून लग्ने मोडू शकत असेल, तर ‘नुसती करमणूक होती’ हा ‘द सिंगाली’चा बचाव आपोआप कोसळतो.

मांडवीकाठ

सगळी चर्चा संहितेवर चालली आहे आणि रंगमंचापुढच्या पिटात बसलेल्या वादकांचा कोणी विचारही केलेला नाही, म्हणून लिहितो. मॉरिस बँडमन नावाच्या नाट्यव्यवस्थापकाने लंडनची ही नाटके जिब्राल्टरपासून जपानपर्यंत फिरवली. मुंबई, कलकत्ता, कोलंबो ही त्याच्या वाटेवरची ठाणी होती, आणि मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या उभारणीत जहांगीर फ्रामजी काराकांबरोबर त्याचाही हात होता. नट लंडनहून येत, पण मुंबईत व्हायोलिन आणि क्लॅरिनेट वाजवायला गोव्याची माणसे लागत, कारण चर्चच्या शाळांत शिकलेला आमचा माणूस स्वरलिपी समोर ठेवली की वाचून वाजवत असे. माझे पणजोबा अशाच एका वाद्यवृंदात होते. घरी त्यांची व्हायोलिनची पेटी आहे आणि तिच्या झाकणाला आतून नाटकांची नावे लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे.

तेव्हा डोंगरमाथा यांनी सांगावे की, मंक्टनची चाल जेव्हा गोव्यातल्या साष्टीच्या माणसाच्या गजातून निघाली तेव्हा ती कोणाची होती. आमच्या लोकांनी याच पाठांवर हात बसवला आणि त्यांच्याच मुलांनी पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. हे कागद जाळायला निघालेल्यांना त्या कागदांवर कोणाच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत हे तरी ठाऊक आहे का? आणि ‘मराठी संगीत नाटक’ म्हणताना गोव्याची आठवण फक्त गायकांपुरती काढायची, ही येथली जुनी खोड आहे.

जुनी पेटी

खोड वगैरे म्हणण्याचे कारण नाही. दीनानाथ मंगेशकर गोव्याचे होते हे आम्ही रोज सांगतो.

मांडवीकाठ

मी तेच म्हणालो. गायकांपुरती.

लीड्सवासी

मी उत्तर इंग्लंडमध्ये राहतो. ही नाटके येथील हौशी मंडळ्यांनी पुढे कित्येक वर्षे आवडीने केली, आणि जुनी गाणी आजही धर्मादाय कार्यक्रमांत गायली जातात. अशाच एका कार्यक्रमासाठी मला बोलावले गेले. मी बऱ्यापैकी बॅरिटोन गातो आणि मला मंक्टनचे एक प्रेमगीत गायचे होते, पण माझ्या हातात चंभुद्दी रामचे विनोदी गाणे ठेवण्यात आले, सोबत पगडी, आणि ‘तुम्हांला तो उच्चार सहज जमेल’ असे सांगण्यात आले. सांगणारी बाई प्रेमळ होती, तिच्या मनात काही नव्हते. मी नकार दिला, तेव्हा तिला प्रामाणिकपणे वाईट वाटले आणि कारण शेवटपर्यंत कळले नाही.

नांदी, हास्याचा विषय इंग्रज न्यायाधीशही आहे असे आपण म्हणता. पण सर पीटरवर हसून झाल्यावर लंडनचा प्रेक्षक बाहेर पडे तेव्हा त्याला शंभर वेगवेगळे इंग्रज न्यायाधीश माहीत असत. चंभुद्दी रामखेरीज दुसरा हिंदी वकील त्याने पाहिलेला नसे. हंटली राइट नावाच्या ज्या नटाने हा वकील रंगवला त्यानेच ‘द गेशा’त चहाघराचा चिनी मालक रंगवला होता, चेहऱ्याचा रंग बदलला, विनोद तोच राहिला. आणि बूभंबा झालेला रटलँड बॅरिंग्टन 1885 साली ‘द मिकाडो’त जपानी मंत्री होता, तर ‘अ कंट्री गर्ल’ या चक्क इंग्लंडमधल्या डेव्हनशायरात घडणाऱ्या नाटकात राजा होता. पूर्वेचा माणूस ही डेलीजमध्ये एका नटाची ठरलेली नोकरी होती.

तरीही डोंगरमाथा यांच्याशी मी सहमत नाही. त्या कार्यक्रमात मला जे गाता आले नाही ते प्रेमगीत मी घरी गातो, आणि ते गाण्याचा माझा हक्क मी ना त्या मंडळीला देणार, ना आपल्याला.

डोंगरमाथा

आपल्या हक्कावर मी कोठे घाला घातला? सार्वजनिक पैशाने हे जपावे का, एवढाच माझा प्रश्न होता. बाकी, लंडनच्या नाटकांवर प्रेम करणारे सगळे जण अखेर ‘चाल किती गोड आहे’ यावरच येऊन थांबतात. मळ्यावरच्या लांबलचक चाळींत, एका खोलीत दोन कुटुंबे राहताना मी पाहिली आहेत. तेथील एका म्हातारीने मला विचारले होते की, आमचा चहा पिणाऱ्यांना आम्ही कोण आहोत हे ठाऊक असते का. तिला मी काय सांगायला हवे होते? तुमच्याविषयी एक सुंदर नाटक आहे, फक्त त्यात तुम्ही नाही?

नांदी

हा सूर अनावश्यक आहे. त्या बाईंचे दुःख मला कळत नाही असे आपण गृहीत धरले आहे, आणि ते मला लागले.

तरी वरील सर्व प्रतिसाद मी पुन्हा वाचले. न्यायपीठ यांनी रखमाबाईंचा जो मुद्दा मांडला त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘निरुपद्रवी’ हा शब्द मी मागे घेतो. लीड्सवासींचा अनुभव वाचल्यावर चंभुद्दीची विनोदी गाणी आज रंगमंचावर आणण्याचा आग्रहही मी धरणार नाही. मंक्टनच्या चालींविषयी मात्र माझे मत तसूभरही हललेले नाही, आणि मांडवीकाठ यांच्या पणजोबांनी ते आणखी पक्के केले आहे. पुस्तक नष्ट केल्याने तमिळ मजूर त्या मळ्यात परत येणार नाही. उलट तो वगळला गेला होता याचा पुरावाच आपण हरवून बसू. मी त्यातील निवडक गाण्यांचे एक टिपण करतो आहे. प्रत्येक अंकाआधी सिलोनमध्ये त्या वर्षी वस्तुस्थिती काय होती, ते लिहिण्याची माझी तयारी आहे.

न्यायपीठ

कायद्याचा भाग मी लिहून देईन. 1859 साली कँडीच्या विवाहांसाठी स्वतंत्र कायदा करून इंग्रजांनी बहुपत्नीत्व आणि बहुपतित्व दोन्ही बंद केले होते, आणि कँडीच्या जुन्या रूढीत बायकोला विवाह मोडता येत असे. नानोयाला मळेवाल्याची गरजच नव्हती, हे तेथे आले पाहिजे.

जुनी पेटी

आणि ‘शारदा’चा उल्लेख येणार असेल तर गोत्राच्या मुद्द्यावर माझे म्हणणे त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापले जावे.

डोंगरमाथा

मजुरांच्या उल्लेखाशिवाय हे टिपण निघणार नसेल, तर पुस्तक जपण्याला असलेला माझा विरोध मी सोडतो. हे मी आनंदाने करत नाही. मळ्याविषयीचा मजकूर छापण्यापूर्वी मला दाखवावा. कंगाणीची उचल आणि बायकांची मजुरी यांविषयी एक ओळही मोघम राहिली तर मी येथेच पुन्हा लिहीन.